सहा बेटे, ७० किलोमीटर: शिमानामी काइदोविषयी वाचकांचे प्रश्न

मागील अंकात जपानमधील शिमानामी काइदो या सायकलमार्गाचा थोडक्यात परिचय दिला होता. होन्शू बेटावरील ओनोमिची आणि शिकोकू बेटावरील इमाबारी या दोन बंदरांना सेतो अंतर्गत समुद्रातील सहा बेटांवरून जोडणारा हा सुमारे ७० किलोमीटरचा मार्ग आहे. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काही प्रश्न येथे घेतले आहेत. केवळ विमानभाड्याविषयीची पत्रे बाजूला ठेवली आहेत, कारण त्या बाबतीत प्रवासी कंपनीचा माणूस माझ्यापेक्षा अधिक उपयोगी पडेल.

प्रश्न : आम्ही पती-पत्नी दोघेही साठीच्या आसपास आहोत. दर रविवारी गंगापूर धरणाकडे जाऊन-येऊन तीसएक किलोमीटर सायकल चालवतो. आम्हांला हा मार्ग झेपेल का? किती दिवस ठेवावेत? (निवृत्त शिक्षिका, नाशिक)

उत्तर : निश्चित झेपेल, किंबहुना तुमच्यासारख्यांसाठीच तो आहे, असे माझे मत आहे. चढांची भीती बाळगू नये. बेटांवरचे रस्ते बहुतांशी किनाऱ्याने जातात आणि पुलांवर चढण्यासाठी सायकलींकरिता वेगळे बांधलेले रस्ते डोंगराच्या कडेने, संत्र्या-लिंबांच्या बागांमधून, साधारण तीन टक्क्यांच्या उताराने वळणे घेत वर जातात. तीन टक्के म्हणजे शंभर मीटर पुढे गेल्यावर तीन मीटर उंची. गिअरच्या सायकलीवर बसल्या बसल्या, बोलत बोलत चढता येईल असा हा चढ आहे. अपवाद एकच, शेवटचे बेट ओशिमा. तेथे रस्ता किनारा सोडून बेटाच्या मधून जातो आणि दोन लहान घाट लागतात. तेथे उतरून सायकल हातात धरून चालण्यात कमीपणा नाही; अनेक जपानी सायकलस्वारही तेच करतात.

दिवसांच्या बाबतीत मात्र माझा आग्रह आहे. बहुतेक माहितीपत्रकांत ‘एका दिवसात पूर्ण करता येणारा मार्ग’ असे लिहिलेले असते आणि ते खोटे नाही. मी स्वतः पहिल्या खेपेस तेच केले. सकाळी ओनोमिचीहून निघालो, दर पुलावर एक छायाचित्र काढले, दुपारी धावपळीत काहीतरी पोटात ढकलले आणि संध्याकाळी इमाबारीला पोचलो, तेव्हा भाड्याची सायकल परत घेणारे केंद्र बंद झालेले होते. चूक सर्वस्वी माझी होती. वेळ पाटीवर लिहिलेली होती. परंतु त्याहून मोठी चूक ही, की सहा बेटांपैकी एकावरही मी खऱ्या अर्थाने उतरलो नव्हतो. पूल लक्षात राहिले, बेटे नाहीत.

म्हणून तुम्ही दोन रात्री मुक्काम करावा. पहिल्या दिवशी ओनोमिचीहून होडीने समोरच्या मुकाइशिमा बेटावर जावे. खाडी इतकी अरुंद आहे, की हा प्रवास काही मिनिटांतच संपतो. तेथेही पूल आहे, परंतु त्यावर वाहनांची गर्दी असते आणि सायकलसाठी तो सोयीचा नाही, म्हणून स्थानिक लोकही होडीचाच सल्ला देतात. त्यानंतर इन्नोशिमा बेट ओलांडून तिसऱ्या, म्हणजे इकुचिजिमा बेटावरील सेतोदा गावी मुक्काम करावा. हे अंतर तीस किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे तुमच्या रविवारइतकेच. सेतोदा ही लिंबांची वाडी आहे. जपानमध्ये पिकणाऱ्या लिंबांत हिरोशिमा प्रांत आघाडीवर आहे आणि त्यात या बेटाचा वाटा मोठा आहे. चित्रकार हिरायामा इकुओ याच गावचे. शाळकरी वयात त्यांनी हिरोशिमावरचा अणुबॉम्ब प्रत्यक्ष अनुभवला आणि पुढे बौद्ध विषयांवरील चित्रांसाठी ते नावाजले गेले. त्यांचे संग्रहालय गावातच आहे. शेजारी कोसानजी हे देऊळ आहे. एका उद्योजकाने आईच्या स्मरणार्थ १९३६ पासून ते बांधावयास घेतले. त्यामागच्या टेकडीवर इटलीतील कारारा येथून आणलेल्या संगमरवराची पाच हजार चौरस मीटरची शुभ्र बाग आहे. उन्हात तेथे डोळे दिपतात, काळा चष्मा असू द्यावा.

दुसऱ्या दिवशी ओमिशिमा. येथील ओयामाझुमी हे शिंतो देवस्थान मुख्य मार्गापासून बाजूला, बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर आहे आणि घाईतले सायकलस्वार नेमके तेच गाळतात. ही देवता समुद्राची, डोंगराची आणि योद्ध्यांची. युद्धात यश मिळाले, की सामुराई आपली चिलखते आणि तलवारी येथे आणून वाहत असत. त्यामुळे जपानमधील जुन्या चिलखतांचा अत्यंत मोलाचा संग्रह आज या देवळाच्या भांडारात आहे. आपल्याकडे नवस फेडताना देवाला घंटा वाहतात, तसेच हे. अंगणातला कापराचा प्रचंड वृक्ष २६०० वर्षांचा असल्याचे सांगतात. त्याच्या सावलीत अर्धा तास बसून राहावे, असे मी सुचवीन. तिसरा दिवस हाकाताजिमा, ओशिमा आणि शेवटच्या पुलासाठी ठेवावा.

वाट चुकण्याची चिंता नको. संपूर्ण मार्गावर रस्त्याच्या डाव्या कडेला निळी रेघ आखलेली आहे आणि ठरावीक अंतराने इमाबारी किंवा ओनोमिची किती किलोमीटर राहिले, ते रस्त्यावरच लिहिलेले आहे. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून असल्याने पहिल्या तासातच अंगवळणी पडते.

प्रश्न : हा मूळचा द्रुतगती महामार्ग आहे, असे वाचले. मग त्यावर सायकलींना परवानगी कशी? आणि पुलांची थोडी तांत्रिक माहिती द्यावी. (स्थापत्य अभियंता, पुणे)

उत्तर : होन्शू आणि शिकोकू यांना जोडणारे पुलांचे मार्ग एकूण तीन आहेत. पूर्वेकडचा आकाशी सामुद्रधुनीवरून जातो, मधला १९८८ साली खुला झालेला सेतो महासेतू आणि पश्चिमेकडचा हा. पहिल्या दोहोंवर सायकलीला वा पायी चालणाऱ्याला जागा नाही. तिसऱ्यावर आहे, आणि त्याचे कारण पर्यटन नव्हे. या मार्गावरील बेटांवर गावे होती, शाळा होत्या, बागा होत्या. शेजारच्या बेटावर जाण्यासाठी लोक होडीवर अवलंबून होते. पूल बांधताना मोटारींच्या रस्त्याच्या कडेला किंवा खाली या रहिवाशांसाठी पादचारी, सायकली आणि १२५ सीसीपर्यंतच्या दुचाकी यांची स्वतंत्र वाट ठेवली गेली. त्या वाटेवर जगभरातून लोक येतील, असे त्या वेळी कोणाच्या ध्यानीमनी नसावे. आजही पुलावर तुमच्या शेजारून दप्तर अडकवलेला विद्यार्थी किंवा भाजीची पिशवी लावलेल्या आजीबाई मोपेडवरून जातात, आणि मला हा या मार्गाचा सर्वांत देखणा भाग वाटतो.

पूल एकदम बांधले गेले नाहीत. ओमिशिमाचा कमानी पूल १९७९ साली झाला, त्याचा गाळा, म्हणजे दोन आधारांमधले अंतर, २९७ मीटरचा. इन्नोशिमाचा झुलता पूल १९८३ चा. त्याचा मुख्य गाळा ७७० मीटरचा आहे आणि सायकलींची वाट मोटारींच्या रस्त्याच्या खालून, पोलादी सांगाड्यामधून जाते. डोक्यावरून वाहने धडधडत जात असतात आणि जाळीतून समुद्र दिसतो. काहींना हे आवडते, काहींना नाही. ओशिमाकडचा पूल १९८८ चा आणि इकुचीचा १९९१ चा. तातारा आणि कुरुशिमा हे दोन मोठे पूल पूर्ण झाल्यावर १ मे १९९९ रोजी सर्व बेटे जोडली गेली.

अभियंत्याने थांबून पाहावा असा पूल म्हणजे तातारा. मुळात तेथे झुलता पूल योजलेला होता. परंतु झुलत्या पुलाचे मुख्य दोर जमिनीत घट्ट धरून ठेवण्यासाठी दोन्ही काठांवर काँक्रीटचे प्रचंड ठोकळे लागतात आणि त्यांच्यासाठी डोंगर मोठ्या प्रमाणावर खणावा लागला असता. ते टाळण्यासाठी १९८९ साली आराखडा बदलून केबल-स्टेड पूल करण्याचे ठरले, ज्यात तारा मनोऱ्यापासून थेट पुलावरच्या रस्त्यापर्यंत येतात आणि काठावर अशा ठोकळ्यांची गरज उरत नाही. ८९० मीटरच्या मुख्य गाळ्यामुळे तो पूर्ण झाला तेव्हा या प्रकारातला जगातील सर्वांत लांब गाळ्याचा पूल ठरला. फ्रान्समधील नॉर्मंडी पुलाचा ८५६ मीटरचा विक्रम त्याने मोडला आणि २००८ साली चीनमधील सुतोंग पुलाने त्याला मागे टाकले. मनोऱ्याच्या पायथ्याशी टाळी वाजवली, की तिचा प्रतिध्वनी दोन बाजूंमधून आपटत वर वर चढत जातो. जपानी लोक त्याला ड्रॅगनचे ओरडणे म्हणतात. टाळी वाजवण्यास वयाची अट नाही, हे मी रांगेत उभे राहून पाहिले आहे.

कुरुशिमा सामुद्रधुनीवर तीन झुलते पूल एकापाठोपाठ एक जोडलेले आहेत. अशी रचना जगात प्रथम येथे झाली. एकूण लांबी सुमारे चार किलोमीटर. खालची सामुद्रधुनी अरुंद आणि वाकडी असून भरती-ओहोटीच्या वेळी प्रवाह दहा नॉटपर्यंत जातो, म्हणजे ताशी अठरा किलोमीटरच्या वर. त्यामुळे येथे जहाजांसाठी वेगळाच नियम आहे. प्रवाहाबरोबर जाणाऱ्या जहाजाने मधल्या वाटेने जायचे आणि प्रवाहाविरुद्ध येणाऱ्याने पश्चिमेकडच्या. प्रवाहाची दिशा पालटली, की जहाजांच्या बाजूही पालटतात. पुलाच्या कठड्याशी उभे राहून एखादे मालवाहू जहाज त्या पाण्यातून संथपणे वाट काढताना पाहिल्यावर हा नियम आपोआप समजतो.

प्रश्न : स्वतःची सायकल न्यावी, की तेथे भाड्याने घ्यावी? (बँक कर्मचारी, ठाणे)

उत्तर : पहिल्या खेपेस भाड्याने घ्यावी. मार्गावर ठिकठिकाणी सार्वजनिक भाडेकेंद्रे आहेत आणि एका केंद्रातून घेतलेली साधी सायकल दुसऱ्या केंद्रात परत करता येते. तसे केल्यास पूर्वी अनामत रक्कम परत मिळत नसे, आताची अट विचारून घ्यावी. बॅटरीची मदत असलेल्या सायकलींचे नियम अधिक कडक असतात, म्हणून त्या घ्यायच्या असतील तर परतीची अट आधी वाचावी. दर बदलत असतात, ते निघण्यापूर्वी पाहून घ्यावेत. केंद्रातल्या सायकली मजबूत असल्या, तरी जड असतात. हलकी रोड बाइक हवी असेल, तर ओनोमिची आणि इमाबारी या दोन्ही टोकांना जायंट कंपनीची दुकाने आहेत. ओनोमिचीतले दुकान धक्क्यावरच्या एका जुन्या गोदामात आहे. २०१४ पासून त्याच छपराखाली एक हॉटेलही चालते आणि तेथे सायकल थेट खोलीत नेता येते.

स्वतःची सायकल न्यायचीच असेल, तर जपानी रेल्वेचा नियम ध्यानात ठेवावा. सायकल सुटी करून किंवा घडी घालून, पूर्णपणे पिशवीत बंद केल्याशिवाय गाडीत नेता येत नाही. ‘चाक थोडे बाहेर आले तर चालेल’ हा आपला हिशेब तेथे चालत नाही. सामानाचे ओझे मात्र वाहू नये. जपानमधील ताक्क्युबिन ही घरपोच सेवा तुमची बॅग एका हॉटेलातून पुढच्या हॉटेलात, साधारणपणे दुसऱ्या दिवशी, पोचवते. पाठीवर पाणी, रेनकोट आणि पंक्चरचे साहित्य एवढेच ठेवावे.

पथकराचे म्हणाल, तर पूर्वी सर्व पुलांचे मिळून सायकलीला ५०० येन पडत. २०१४ सालापासून सायकलींना तो माफ करण्यात आला आणि पुढे ही सवलत वेळोवेळी वाढवली गेली.

प्रश्न : आम्ही कट्टर शाकाहारी आहोत. मासेमारीच्या बेटांवर उपाशी राहावे लागेल का? (गृहिणी, कोल्हापूर)

उत्तर : उपाशी नाही, पण सावध राहावे लागेल. अडचण माशाच्या तुकड्याची नसून दाशीची आहे. जपानी स्वयंपाकात सूप, नूडल्स, भाज्या, अगदी आमलेटातही जो रस्सा वापरतात, तो बहुधा सुकवलेल्या बोनिटो माशाचा असतो. डोळ्यांना काही दिसत नाही आणि वाढणाऱ्यालाही त्यात मासा आहे असे वाटत नाही, म्हणून ‘मांस नको, मासा नको’ एवढे सांगून भागत नाही. ‘दाशीही नको’ असे जपानीत लिहिलेली चिठ्ठी जवळ ठेवावी. कोंबिनी, म्हणजे रात्रंदिवस चालणाऱ्या लहान दुकानांत, उमेबोशी या आंबट-खारट फळाचा गोळा घातलेली ओनिगिरी, म्हणजे भाताची मूद, मिळते. आपल्या लोणचे-भाताच्या चवीशी तिचे नाते लगेच जुळते. केळी, दही, भाजलेले रताळे आणि शेंगदाणे सापडतात. मुक्कामाच्या ठिकाणी आरक्षण करतानाच कळवावे, ऐनवेळी सांगून स्वयंपाकघराला कोड्यात टाकू नये. मेतकूट, भडंग आणि खाकरे बरोबर न्यावेत. ताजी फळे, भाज्या आणि मांसाचे पदार्थ मात्र जपानमध्ये नेण्यावर कडक निर्बंध आहेत, त्यामुळे घरचे आंबे घरीच ठेवावेत.

इन्नोशिमा हे हास्साकू या लिंबूवर्गीय फळाचे जन्मस्थान आहे. त्याची फोड आत घातलेली दाइफुकु, म्हणजे तांदळाच्या मऊ पिठाची गोड पारी, तेथे मिळते. दोन तासांच्या सायकलीनंतर ती खाण्यासाठी मी पुन्हा तो चढ चढेन.

प्रश्न : या बेटांवर समुद्री चाच्यांचे राज्य होते, असा उल्लेख तुम्ही केला होता. सविस्तर सांगाल का? (महाविद्यालयीन विद्यार्थी, अलिबाग)

उत्तर : अलिबागहून हा प्रश्न यावा, याचा आनंद वाटला. कारण या प्रकरणाचे उत्तर कुलाब्याच्या किल्ल्यावरून जितके चांगले दिसते, तितके इतर कोठून दिसणार नाही.

चौदाव्या ते सोळाव्या शतकात या समुद्रावर मुराकामी घराण्याची सत्ता होती. नोशिमा, कुरुशिमा आणि इन्नोशिमा अशा त्यांच्या तीन शाखा. जपानीत त्यांना काइझोकु म्हणजे चाचे म्हणत, परंतु निव्वळ लूटमार हा त्यांचा धंदा नव्हता. वर सांगितलेल्या त्या वेड्यावाकड्या प्रवाहांची खडान्खडा माहिती त्यांना होती. या माहितीच्या बळावर ते जहाजांना वाट दाखवत, संरक्षण देत आणि त्याबद्दल जकात घेत. जकात भरणाऱ्याला ‘वर’ या अर्थाची चित्राक्षरी खूण असलेले निशाण मिळे. ते फडकत असेल, तर जहाजाला कोणी हात लावत नसे. नोशिमा हे तर ओशिमाच्या समोरचे चिमुकले बेट. सगळे बेटच किल्ला, आणि भोवती खळाळणारा प्रवाह हाच त्याचा खंदक. पोर्तुगीज जेझुइट मिशनरी लुईस फ्रोइस याने नोशिमाच्या सरदाराचा दबदबा नोंदवून ठेवला आहे.

आता कान्होजी आंग्रे आठवावेत. मराठ्यांच्या आरमाराचे दस्तक घेतल्याशिवाय कोकण किनाऱ्यावरून व्यापारी जहाज जाऊ नये, हा त्यांचा दंडक होता. आपल्या दृष्टीने तो सार्वभौम सत्तेचा कर. इंग्रजांच्या कागदपत्रांत मात्र सरखेल ‘चाचा’ ठरले. निशाण आणि दस्तक यांत तत्त्वतः फारसा फरक नाही. फरक शेवटात आहे. मुराकामींची सत्ता परकीयांनी मोडली नाही. देश एकछत्री करू पाहणाऱ्या तोयोतोमी हिदेयोशी याने १५८८ साली समुद्री चाचेगिरीवर बंदीचा हुकूम काढला आणि त्यानंतर समुद्रात जकात घेणे हा गुन्हा झाला.

ओशिमावर या घराण्याचे संग्रहालय आहे आणि त्याच्या जवळून होडीने नोशिमाच्या भोवतालच्या प्रवाहांमध्ये फेरी मारता येते. दोन घाटांच्या बेटावर एवढा वेळ कोण काढणार, असे वाटेल, पण काढावा. इन्नोशिमावरचा ‘किल्ला’ मात्र १९८३ साली बांधलेला आहे, तो पाहताना हे ध्यानात असावे.

प्रश्न : कोणत्या महिन्यात जावे? (व्यापारी, सांगली)

उत्तर : एप्रिलचा पहिला पंधरवडा, मे महिन्याचा मध्य, किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर. एप्रिलच्या अखेरीस आणि मेच्या सुरुवातीस जपानची मोठी सुटी असते. तेव्हा खोल्या मिळत नाहीत. जूनच्या सुरुवातीपासून जुलैच्या मध्यापर्यंत पाऊस, ऑगस्टमध्ये घामाच्या धारा आणि सप्टेंबरमध्ये वादळांची शक्यता. जोराचा वारा असेल, तर पूल बंदही ठेवतात.

प्रश्न : एवढा समुद्र, एवढ्या खाड्या आपल्याकडेही आहेत. असा मार्ग कोकणात का होऊ शकत नाही? (सायकल क्लबचे सदस्य, रत्नागिरी)

उत्तर : तुमच्या प्रश्नातली कळकळ मला मान्य आहे, तुलना मात्र अर्धीच मान्य आहे. कोकणची सागरी वाट सायकलने करणारे आज पुष्कळ आहेत. दिघी-आगरदांडा, वेश्वी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ अशा खाड्या ते फेरीबोटीने ओलांडतात. बोटीची वाट पाहत धक्क्यावर बसणे हा त्या प्रवासाचा गाभा आहे आणि उद्या सर्वत्र पूल झाले, तर तो हरवेल, अशी भीती मला वाटते. शिवाय कोकणातले चढ तीन टक्क्यांचे नाहीत, हे तुम्हांला सांगायला नको.

परंतु पूल होणारच असतील, तर शिमानामीकडून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. मुंबईत २००९ साली वांद्रे-वरळी सागरी सेतू झाला आणि जानेवारी २०२४ मध्ये सुमारे २२ किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला. दोहोंवर सायकलीला बंदी आहे. पूल उभा राहिल्यावर त्यात सायकलीची वाट घुसवणे जवळपास अशक्य असते. ती आराखड्यातच असावी लागते. इन्नोशिमाच्या पुलाखालची वाट १९८३ साली आखलेली होती, म्हणून २०१९ साली जपान सरकारने ज्या पहिल्या तीन मार्गांना राष्ट्रीय सायकलमार्ग म्हणून मान्यता दिली, त्यांत शिमानामी होता. कोकणातल्या नव्या पुलांच्या आराखड्यांवर हरकती मागवल्या जातील, तेव्हा तुमच्या क्लबने ‘पर्यटन’ हा शब्द न वापरता पलीकडच्या गावातल्या शाळेचा आणि बाजाराचा दाखला द्यावा. माझ्या समजुतीने तो अधिक टिकेल.

प्रश्न : ओनोमिचीहून निघावे, की इमाबारीहून? आणि पोलीस पकडतील असे काही नियम आहेत का? (वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : नियम आधी. मद्य घेऊन सायकल चालवणे आणि चालवताना हातात फोन धरणे यांवरील शिक्षा नोव्हेंबर २०२४ पासून अधिक कडक झाल्या आहेत. फोनसाठी सहा महिन्यांपर्यंत तुरुंगवास किंवा एक लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो. एप्रिल २०२३ पासून सर्व वयाच्या सायकलस्वारांनी हेल्मेट घालावे, अशी कायद्याची अपेक्षा आहे. न घातल्यास दंड नाही, तरी घालावे. छायाचित्र काढायचे असेल, तर पुलावर अगदी कडेला थांबूनच काढावे, कारण मागून मोपेड येत असते.

दिशेबद्दल मतभेद आहेत. रेल्वेने ओनोमिचीला पोचणे सोपे, म्हणून बहुतेक जण तेथून निघतात. माझीही पसंती तीच, पण कारण वेगळे आहे. तसे केल्याने कुरुशिमाचे तीन पूल शेवटी येतात आणि दुपार कलताना तेथे पोचलात, तर पश्चिमेकडचा सगळा समुद्र उजव्या हाताला उजळलेला असतो. मध्ये उमाशिमा हे लहानसे बेट लागते आणि पुलावरून खाली उतरण्यासाठी तेथे लिफ्ट आहे. पूल संपला, की सायकलींचा रस्ता गोल गोल वळणे घेत इमाबारीच्या बाजूच्या इतोयामाकडे उतरतो. चार किलोमीटर वाऱ्यात चालवल्यानंतर हात सैल पडलेले असतात आणि उतार दिसतो त्याहून वेगवान असतो, म्हणून ब्रेक आदल्या रात्रीच तपासून ठेवावेत.